घाव, धक्का आणि पकड : भूमिकाखेळांच्या नियमग्रंथांतील बाहुयुद्धाचा इतिहास (१९७४–२०२४)

१

कोणत्याही वाङ्मयप्रकारात काय सहज सांगता येते आणि काय सायासाने सांगावे लागते, हे त्या प्रकाराच्या घडणीवर अवलंबून असते. पोवाड्यात रणधुमाळी सहज मावते. अभंगात ती मावत नाही, आणि मावली तरी तिचे रूपक होते. हा नियम लिखित आणि मौखिक वाङ्मयापुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जन्मलेल्या एका कथनप्रकारालाही तो लागू पडतो. हा प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ होय.

या खेळात चारपाच मंडळी एकत्र बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो. तो प्रसंग, स्थळ आणि शत्रू यांचे वर्णन करतो. उरलेले खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात. कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. फाशाच्या आकड्याचा अर्थ कसा लावावा, हे नियमग्रंथ सांगतो. नियमग्रंथ हा स्वतः कथा नव्हे आणि नाटकाची संहिताही नव्हे. तो कथा उत्पन्न करणारा ग्रंथ आहे. म्हणूनच त्याचा अभ्यास व्याकरणासारखा करता येतो. व्याकरण वाक्ये रचत नाही, परंतु कोणती वाक्ये सुखाने रचता येतील हे तेच ठरविते.

या प्रकारातील आद्य खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्याच्या नियमग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तलवारीच्या घावाचा नियम या सर्व आवृत्त्यांत मूलतः फारसा बदलला नाही. याउलट, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे आणि त्याला ढकलणे यांविषयीचे नियम जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत नव्याने लिहावे लागले. एकच गोष्ट पुनःपुन्हा लिहावी लागते तेव्हा ती त्या ग्रंथाच्या मूळ घडणीत नीट बसत नसते. ती का बसत नव्हती, आणि तिच्या न बसण्याने कोणत्या कथा टेबलावरून हद्दपार झाल्या, हा येथे विचाराचा विषय आहे.

२

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ याने १८२४ साली रूढ केलेल्या ‘क्रीगश्पील’पासून युद्धखेळांची परंपरा सांगितली जाते. तिच्यात सोंगटी म्हणजे एक सैन्यदल. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन युद्धखेळात सर्वसाधारणपणे एक बाहुली वीस सैनिकांची प्रतिनिधी असे. त्याच ग्रंथात माणसाविरुद्ध माणूस अशा लढतीचे वेगळे प्रकरण होते आणि अद्भुत प्राण्यांचे परिशिष्टही होते. भूमिकाखेळ या दोन कोपऱ्यांतून वाढला. मात्र मोठ्या युद्धखेळाची एक दृष्टी त्याच्याबरोबर आली : सोंगटी पटावर असते किंवा नसते. दोन सोंगट्या एकमेकींना मिठी मारत नाहीत.

१९७४ च्या खेळाने या दृष्टीत एक महत्त्वाची भर घातली. प्रत्येक पात्राला जीवशक्तीचा एक आकडा मिळाला. त्याला येथे ‘प्राणांक’ म्हणू. वीस बाजूंच्या फाशावर पुरेसा आकडा पडला की घाव लागतो; दुसऱ्या फाशाने त्याची मात्रा ठरते; तेवढे प्राणांक वजा होतात; ते संपले की पात्र संपते. घावाचे असे संपूर्ण भाषांतर संख्येत झाले. ही रचना विलक्षण काटकसरीची आहे. घाव कोठे लागला, कसा लागला, हे सांगण्याची गरजच उरत नाही. सांगायचे असल्यास सूत्रधार ते आपल्या शब्दांत सांगू शकतो. नियम मोकळा राहतो आणि कथनही मोकळे राहते.

पकडीचे असे भाषांतर होत नाही. घाव ही क्षणाची घटना आहे. पकड ही टिकणारी स्थिती आहे. घाव एकाने घालायचा आणि दुसऱ्याने सोसायचा असतो. पकडीत धरणारा आणि धरलेला असे दोघेही गुंतलेले असतात. आळीपाळीने चाल करण्याच्या पद्धतीत घाव एका पाळीत उरकतो. पकड मात्र पाळी संपल्यावरही शिल्लक राहते आणि पुढच्या पाळीच्या गणितात ढवळाढवळ करते. धक्का या दोहोंच्या मधला आहे. तो क्षणिक असतो, पण त्याचा परिणाम शरीरावर न होता स्थानावर होतो. थोडक्यात, घावाला संख्या पुरते, धक्क्याला स्थळ लागते आणि पकडीला काळ लागतो. पहिल्या नियमग्रंथाजवळ संख्या मुबलक होती; स्थळ काही प्रमाणात होते; शरीराशी जडलेला काळ मात्र नव्हता.

महाकाव्यांच्या कथनाशी तुलना केल्यास ही उणीव स्पष्ट होते. महाभारताच्या सभापर्वातील भीम आणि जरासंध यांचे बाहुयुद्ध अनेक दिवस चालते आणि जरासंध थकल्यावर त्याचा शेवट होतो. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात अजॅक्स आणि ओडिसिअस यांची कुस्ती अनिर्णित राहते आणि अकिलीस ती थांबवतो. दोन्ही ठिकाणी कथनाचे बळ लांबणीत आहे. शस्त्रविद्येच्या परंपरेतही बाहुयुद्ध गौण नव्हते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांवर स्वतंत्र विवेचन आहे. उत्तर इटलीतील फिओरे देई लिबेरी याने पंधराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या युद्धविद्येच्या ग्रंथात बाहुयुद्ध हा पाया मानला आहे. खंजीर आणि तलवार नंतर येतात. मध्ययुगाचे चित्र रंगविणाऱ्या खेळात मात्र हा क्रम उलटला. तलवार पहिल्या पानांत आली आणि कुस्ती परिशिष्टात गेली.

तरीही १९७४ च्या पुस्तिकांत ‘न मारता जिंकण्याची’ एक वाट होती. ड्रॅगनला ठार न करता शरण आणण्याचा नियम तेथे आढळतो. हल्ला मारण्यासाठी नसून नमविण्यासाठी आहे, असे खेळाडूंनी आधीच जाहीर करायचे. ड्रॅगन नमला तर तो विकताही येई. ही सोय मुख्यत्वे ड्रॅगनसाठी होती, सामान्य शत्रूसाठी नव्हती. शिवाय तीही घावांच्याच बेरजेवर आधारलेली होती. धरणे हे क्रियापद नियमांच्या भाषेत अद्याप आले नव्हते.

३

ते आले १९७९ मध्ये. गायगॅक्स यांनी लिहिलेल्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात शस्त्रविरहित आणि प्राणघातक नसलेल्या लढतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तीन प्रकार केले आहेत : ठोसेबाजी, पकड आणि अंगावर झेपावून खाली पाडणे. आजच्या धक्क्याचा पूर्वज या तिसऱ्या प्रकारात शोधता येतो. प्रकरणाचा हेतू स्तुत्य होता. पात्रांना एखाद्याला जिवंत धरता यावे, पहारेकऱ्याला न मारता आवरता यावे, यासाठी ही तजवीज होती. या मार्गाने झालेल्या इजेपैकी चौथा हिस्साच खरा मानावा आणि बाकीची लवकर भरून यावी, ही तरतूदही त्याच दृष्टीची.

परंतु हेतू आणि रचना यांचा मेळ बसला नाही. तलवारीचा घाव वीस बाजूंच्या एका फाशावर ठरत असताना, पकडीसाठी शतमानाचे फासे, ताकद, चपळाई, चिलखत, उंची आणि वजन यांच्या बेरजा-वजाबाक्या, आणि अखेरीस निकालाचा तक्ता, असा सारा व्याप मांडावा लागे. तक्त्यात कमरेची मिठी, हाताची पकड, मानेची पकड, गळा आवळणे असे प्रकार क्रमाने दिले होते. एक पूर्ण वेगळी गणितपद्धती त्या एका क्रियेसाठी उभारली गेली होती. त्यातच शस्त्रधारी प्रतिस्पर्ध्याला आधी वार करण्याची संधी असे. म्हणजे जो शत्रूला जिवंत धरू पाहतो त्याने अधिक धोका पत्करायचा, अधिक गणित करायचे आणि टेबलावरील इतरांचा अधिक वेळ घ्यायचा. ‘अनअर्थ्ड आर्काना’ (१९८५) या पुरवणी ग्रंथात शस्त्रविरहित लढतीच्या पर्यायी पद्धती द्याव्या लागल्या, यावरून मूळ प्रकरण रुळले नव्हते हे उघड होते.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळी युक्ती काढली. हल्ल्याचा नेहमीचाच फासा टाकायचा आणि तो लागला तर पडलेला आकडा तक्त्यात पाहायचा. त्या आकड्यापुढे एखाद्या डावाचे नाव असे. काही पकडी पुढच्या पाळीतही टिकवता येत. गणित घटले, पण त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. कोणता डाव लागावा हे खेळाडूच्या हाती राहिले नाही. कुस्तीत डाव पैलवान टाकतो. येथे पैलवानाने फासा टाकायचा आणि डाव तक्त्याने सांगायचा. रॉजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे वर्गीकरण करताना स्पर्धा आणि दैव ही दोन भिन्न तत्त्वे मानली होती. कौशल्याच्या स्पर्धेचा आदर्श नमुना असलेले मल्लयुद्ध या तक्त्यात दैवाच्या खात्यात जमा झाले. वर्णन समृद्ध झाले. कर्तृत्व मात्र दुर्बल झाले.

४

मूळ प्रकाशनसंस्था टीएसआर ही १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या संस्थेने विकत घेतली. तिने २००० साली तिसरी आवृत्ती काढली. मॉन्टी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स हे तिचे रचनाकार. सर्व अनिश्चित कृतींसाठी वीस बाजूंचा एकच फासा, हे या आवृत्तीचे मुख्य सूत्र होते. त्यामुळे पकडीचे वेगळे गणित संपुष्टात येईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात गणित एक झाले, पण पायऱ्या वाढल्या.

२००३ च्या सुधारित पाठानुसार पकडीचा क्रम असा होता. प्रथम प्रतिस्पर्ध्याला संधीचा वार मिळे; तो लागून इजा झाली तर प्रयत्न तेथेच फसे. नंतर स्पर्शाचा फासा. मग दोघांनी चढाओढीचे फासे टाकायचे. ते जिंकल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीत शिरायचे. त्यापुढे पकड घट्ट करणे, इजा करणे, जखडणे, निसटणे यांसाठी पुन्हा चढाओढ. शरीराच्या आकारमानाला विशेष वजन होते : माणसापेक्षा एक श्रेणी मोठ्या प्राण्याला ४, दोन श्रेणी मोठ्याला ८ अशी भर मिळे. वीस बाजूंच्या फाशावर आठाची तफावत म्हणजे निकाल जवळपास ठरलेलाच.

या किचकट पाठाचे एक श्रेय मात्र मान्य केले पाहिजे. पकड हा परस्परसंबंध आहे, हे त्याने इतर कोणत्याही आवृत्तीपेक्षा अधिक गांभीर्याने मानले. धरणारा आणि धरलेला दोघेही एकाच स्थितीत जात. दोघांनाही इच्छेप्रमाणे हलता येत नसे. तिसऱ्या शत्रूपुढे दोघेही उघडे पडत. ज्याने धरले तोही धरला गेला, हे बाहुयुद्धाचे मूळ सत्य नियमात उतरले होते. जेसन बुलमान यांनी रचलेल्या ‘पाथफाइंडर’ (२००९) या वंशज खेळात पकड, धक्का, पाडणे, शस्त्र उडवणे या सर्व क्रियांसाठी आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन आकडे ठरवून क्रम सुटसुटीत केला गेला. तेथेही दोघेही पकडलेलेच मानले जात.

धक्क्याचा इतिहास याच काळात वेगळ्या वळणाला लागला. २००० च्या आवृत्तीत पाच फुटांच्या चौकटींचा पट लढतीच्या केंद्रस्थानी आला. धक्क्याला जे स्थळ हवे होते ते त्याला मिळाले. ताकदीची चढाओढ जिंकली की प्रतिस्पर्धी पाच फूट मागे. २००३ च्या पाठात फरकाच्या दर पाच गुणांमागे आणखी पाच फूट. धक्क्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो भोवतालाकडून मिळतो. सपाट जमिनीवर पाच फूट म्हणजे काहीच नाही. कड्याच्या काठावर पाच फूट म्हणजे मृत्यू. म्हणून धक्क्याचा नियम सूत्रधाराला स्थळवर्णन करायला लावतो. पूल किती रुंद, कठडा आहे की नाही, खाली पाणी आहे की खडक, हे प्रश्न धक्क्यामुळे विचारले जातात. एका लहान नियमाने नेपथ्याला कथानकात ओढून आणले, असे म्हणता येईल.

५

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने पकडीचे रूपांतर ‘अवस्थे’त केले. ताकदीचा एक हल्ला. तो लागला की प्रतिस्पर्धी जागी खिळला. धरणाऱ्यावर फारसे बंधन नाही. हीच दिशा २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पुढे नेली. तिच्यात पकड ही एका हल्ल्याच्या जागी करता येते. एक हात मोकळा हवा. प्रतिस्पर्धी आकाराने एका श्रेणीपेक्षा अधिक मोठा नको. धरणारा बळाचा फासा टाकतो. प्रतिस्पर्धी बळ किंवा चपळाई यांपैकी आपल्या पसंतीने उत्तर देतो. पकड लागली की धरलेल्याचा वेग शून्य होतो. धक्का त्याच फाशावर चालतो. त्याने शत्रूला पाच फूट मागे लोटावे किंवा आडवे पाडावे. पूर्वीची पानेच्या पाने येथे काही परिच्छेदांत आटोपली.

या संक्षेपातून एक अनपेक्षित फळ मिळाले. आडवा पडलेला उठायचा तर त्याला आपल्या वेगाचा निम्मा भाग खर्चावा लागतो. ज्याचा वेग शून्य त्याला निम्मा भाग काढता येत नाही. म्हणून धरून आडवा पाडलेला शत्रू पकड सोडवल्याशिवाय उठू शकत नाही आणि जवळून वार करणाऱ्यांना त्याच्यावर सरशी मिळते. कुस्तीतील ‘चीत’ या स्थितीसाठी मूळ नियमांत स्वतंत्र नियम नाही. तरी दोन साध्या नियमांच्या संधीतून तिच्या जवळ जाणारी स्थिती निर्माण होते. १९७९ च्या तक्त्याने डावांची नावे दिली होती, पण डाव दिले नव्हते. २०१४ च्या पाठाने नावे गाळली आणि डाव रचण्याची मुभा दिली.

या सुलभतेची किंमत परस्परतेने मोजली. २०१४ च्या पाठात धरणाऱ्याचा एक हात अडकतो आणि शत्रूला ओढत नेताना वेग सामान्यतः निम्मा होतो, एवढेच. उरलेल्या हाताने तो कोणाशीही मुक्तपणे लढू शकतो. धरलेलाही, जागचा हलू शकत नसला तरी, कोणावरही पूर्वीइतक्याच जोमाने वार करू शकतो. पकड ही दोघांतील गाठ न राहता एकाच्या पायातली बेडी झाली.

२०२४ च्या सुधारित ग्रंथाने दोन बदल केले. पकड आणि धक्का हे निःशस्त्र प्रहाराचेच दोन पर्याय ठरले, आणि चढाओढ रद्द झाली. धरणाऱ्याच्या क्षमतेवरून एक उंबरठा ठरतो (८ अधिक बळाचा गुण अधिक प्रावीण्याचा गुण); तो ओलांडण्यासाठी फासा टाकतो तो धरला जाणारा. बळ वापरायचे की चपळाई, हेही तोच ठरवतो. कथनशास्त्राच्या दृष्टीने ही बारीक पण अर्थपूर्ण उलथापालथ आहे : धरण्याच्या वाक्याचा कर्ता बदलला. ‘त्याने धरले का’ या प्रश्नाची जागा ‘हा निसटला का’ या प्रश्नाने घेतली. दुसरा बदल असा की, धरलेल्याने आपल्याला धरणाऱ्याखेरीज अन्य कोणावर हल्ला केल्यास तो कमकुवत ठरतो. हरवलेली परस्परता अंशतः परत आली. पकडलेल्याचे लक्ष पकडणाऱ्याकडेच राहते, हे नियमाने पुन्हा मान्य केले.

या मुख्य धारेबाहेर एक वेगळा मार्गही चोखाळला गेला. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ (१९८६) या खेळासाठी डग्लस कोल यांनी लिहिलेल्या ‘टेक्निकल ग्रॅपलिंग’ (२०१३) या पुस्तकात पकडीलाच मात्रा दिली आहे. घावाने जसे प्राणांक घटतात, तसे पकडीने नियंत्रणाचे गुण साठतात आणि ते खर्चून डाव करता येतो. पकडीला काळ हवा असतो. तो येथे साठ्याच्या रूपाने मिळाला. बाहुयुद्धाची लांबण या रचनेत सर्वांत निष्ठेने उतरते. मात्र ती पेलण्याइतका सराव प्रत्येक टेबलाजवळ असेल असे नाही.

६

या इतिहासाचे महत्त्व केवळ क्रीडातांत्रिक नाही. लढत कशी संपते, यावर पुढची कथा अवलंबून असते. मेलेला शत्रू बोलत नाही. जिवंत धरलेला बोलतो, गयावया करतो, फसवतो, कधी बाजू बदलतो. त्याचे काय करायचे यावर पात्रांत मतभेद होतात. नीतीचा प्रश्न कथेत शिरतो तो बहुधा बंदिवानाच्या रूपाने. ज्या नियमग्रंथात मारण्याला एक फासा आणि धरण्याला तीन पाने लागतात, तो ग्रंथ क्रौर्याचा पुरस्कार करीत नाही. परंतु प्रत्येक पाळीला तो खेळाडूला एका दिशेने हलकेच लोटत राहतो. मारणे स्वस्त आणि धरणे महाग, अशा बाजारात दयेचे गिऱ्हाईक कमी होणारच.

यावर एक आक्षेप संभवतो. अनेक टेबलांवर किचकट नियम बाजूला ठेवून सूत्रधार आपल्या विवेकाने निर्णय देत आला आहे. मग लिखित नियमाला इतके महत्त्व का द्यावे? उत्तर असे की, नियम जेथे थांबतो तेथे खेळाडूचा हक्क संपतो आणि सूत्रधाराची मर्जी सुरू होते. घाव घालणाऱ्याला परवानगी मागावी लागत नाही. त्याच्या बाजूने ग्रंथ उभा असतो. धरू पाहणाऱ्याला मात्र दर वेळी विनवणी करावी लागते. कथनातील सत्तेची ही विषम वाटणी नियमाच्या सोपेपणातूनच दूर होऊ शकते.

दुसरीही एक वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे. २०१४ च्या पाठात शत्रूला जिवंत ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग पकडीतून जात नाही. जवळून घातलेल्या अखेरच्या घावाने प्राणांक शून्यावर आले की, मारायचे की बेशुद्ध करायचे हे घाव घालणारा त्या क्षणी ठरवू शकतो. दया सुलभ झाली खरी, पण तिचे स्वरूप पालटले. १९७४ च्या ड्रॅगनबाबत हेतू लढतीपूर्वी जाहीर करावा लागे आणि त्या हेतूचे ओझे वाहत लढावे लागे. आता हेतू निकालानंतर निवडता येतो. पूर्वीचा निर्णय पात्राचा होता. आताचा लेखकाचा आहे. पहिल्यात जोखीम आहे, दुसऱ्यात औदार्य आहे. कथेची वीण मात्र जोखमीने घट्ट होते.

पकडीच्या नियमाचे वेगळेपण येथेच आहे. धरणारा लढतीच्या ऐन मध्यावर, सर्वांदेखत, आपला हेतू कृतीने जाहीर करतो आणि त्याची किंमत स्वतःच्या मोकळ्या हाताने व वेगाने मोजतो. म्हणून पन्नास वर्षांत या एका क्रियेसाठी पुनःपुन्हा झालेले लेखन हे निव्वळ नियमांचे डागडुजीकाम ठरत नाही. संख्येवर उभारलेल्या कथनात दोन शरीरांच्या नात्याला जागा करून देण्याचा तो प्रदीर्घ प्रयत्न आहे. सुलभता आणि परस्परता ही त्याची दोन टोके आहेत. २००३ च्या पाठाने पहिली गमावून दुसरी राखली, २०१४ च्या पाठाने दुसरी गमावून पहिली मिळवली, आणि २०२४ च्या पाठाने दोहोंमधील अंतर थोडे कमी केले. महाकाव्याच्या कवीला जे एका दीर्घ वर्णनात साधता आले, ते नियमकाराला एका लहान वाक्यात साधायचे आहे. कारण त्याचे वाक्य वाचले जाण्यासाठी नसून दुसऱ्याने आपली कथा सांगावी यासाठी लिहिलेले असते.